जर्मन बाईचा कोपर

मुलाच्या घरी आल्यावर पहिले तीन महिने मी कपडे धुवायचं मशीन बघत बसायची. यात अतिशयोक्ती नाही. सिडनीजवळ स्कोफिल्ड्सच्या त्या नव्या घरात लॉन्ड्रीची वेगळी खोली आहे. मशीनचं दार समोर, दाराला गोल काच, आणि काचेतून कपडे फिरताना दिसतात. नातवाचा युनिफॉर्म वर, सुनेची कुर्ती खाली, मग कुर्ती वर. मी प्लास्टिकचं स्टूल ओढून बसायची आणि मशीन थांबलं की उठायची. आमचे हे जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मी जेवत होते, झोपत होते, विचारलं तर उत्तर देत होते. रडत मात्र नव्हते. आत कुणी राहतच नसल्यासारखं होतं. बेल वाजवली तरी दार उघडायला कुणी येणार नाही असं.

एकदा स्वयंपाकघरातून सून मुलाला हळूच म्हणाली, "आईंना आता ड्रायरपण लावून द्यायचा का?" मला ऐकू आलं. विनोद चांगला होता. मला हसू आलं नाही, एवढंच.

मुलानं मग दुसरा उपाय काढला. आमच्या भागात दर शनिवारी सकाळी आठ वाजता माणसं पाच किलोमीटर पळतात. फुकट असतं, कुणीही यावं, चाललं तरी चालतं. ओढ्याच्या कडेनं सिमेंटची वाट आहे, तिच्यावर दोन फेऱ्या मारायच्या. पोराबाळांना ढकलगाडीत घालून पळणारे आयटीवाले, कुत्र्याबरोबर पळणाऱ्या बायका, आणि मागं आमच्या मुलासारखे, दीड मिनिट पळून बुटाची लेस तपासायला थांबणारे.

"आई, तू कॉलेजात पळायचीस ना?" मुलगा म्हणाला. "तुझी ती डब्याची गोष्ट."

डब्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ती मीच पन्नास वर्षं सांगत आले. सांगलीला कॉलेजात असताना मुलींची तीन किलोमीटरची शर्यत होती. मी भावाची फुटबॉलची चड्डी आणि वरून गुडघ्यापर्यंतचा शर्ट घालून पळत होते. माझ्या पुढची मुलगी उसाच्या मळ्याजवळ पडली. मी शर्यत सोडली, तिला हात देऊन उठवलं, तिच्या खांद्याखाली हात घालून तिला शेवटपर्यंत आणलं. प्राचार्यांनी सगळ्या कॉलेजसमोर माझं कौतुक केलं आणि स्टीलचा तीन पुडांचा डबा दिला. गावातल्या पेपरात चार ओळी आल्या. ते कात्रण मी लग्नात माहेरच्या ट्रंकेतून सासरी नेलं. काय ती चड्डीवाली मुलगी. नवऱ्याला पहिल्या आठवड्यात तिनं काय दाखवलं असेल, तर ते कात्रण.

तर मी शनिवारी गेले. तिथं व्यवस्था बघणारा एक उंच, टोपीवाला माणूस होता. त्यानं मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, टेल वॉकर होणार का? म्हणजे सगळ्यांच्या मागून चालायचं. नारिंगी जाकीट घालायचं. कितीही हळू कुणी चालत असलं तरी त्याच्या मागं राहायचं, म्हणजे येणाऱ्यांपैकी कुणीही कधी शेवटचं येत नाही. शेवटचं यायचं काम ठरवून एकाला दिलेलं असतं.

घरी आल्यावर नातवानं विचारलं, "सो आजी, युअर जॉब इज टू लूज?"

"हो," मी म्हटलं.

"ईझी," तो म्हणाला आणि आयपॅडकडे वळला.

त्याला काय माहीत. माझ्या पुढं जी चालायची तिच्या मागं राहणं अजिबात सोपं नव्हतं.

ती जर्मन होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, उंच, वाळलेली, पांढरे केस मुलासारखे कापलेले. उजवा खुबा गेलेला होता, त्यामुळं पाऊल टाकताना सगळं अंग एका बाजूला जाऊन परत यायचं. पळायची ती. म्हणजे तिच्या मते पळायची. मी तिच्या मागं चालत असायची आणि मला चाल हळू करावी लागायची. हे तिला माहीत होतं, आणि ते माहीत आहे हे ती मला कळू देत नसे.

पहिल्या दिवशी मी जवळ जाऊन ओळख करून घ्यायला लागले. ती समोर बघतच म्हणाली, "तीन किलोमीटर होईपर्यंत बोलायचं नाही."

ती इंग्रजीत बोलायची, मीही माझ्या इंग्रजीत. इथं मी तिचं मराठी करून सांगते आहे. तिच्या तोंडी 'तू' घातलं आहे, कारण 'तुम्ही' म्हणणारी ती बाई नव्हती.

तीन किलोमीटरनंतर तरी ती काय बोलणार. "वारा पश्चिमेचा आहे." "ही वाट उतरती आहे, म्हणून सोपी वाटते." मला ते फार बरं वाटायचं. त्या महिन्यांत भेटणारा प्रत्येक माणूस माझ्या दंडावर हात ठेवून डोळ्यांत पाणी आणायचा आणि मी दगडासारखी उभी. ब्लॅकटाउनच्या दुकानात भाजी घेताना एक ओळखीची बाई तर माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्या खांद्यावरून मी मागच्या कोथिंबिरीच्या जुड्या पाहत होते. जर्मन बाईनं मला काहीच विचारलं नाही. माझं कुंकू नाही, मी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर पंजाबी ड्रेस घालून येते, यातलं काहीही तिला दिसत नसावं. तिला वाट दिसायची.

आमच्या वसाहतीच्या कडेला सगळ्या एकसारख्या घरांच्या शेवटी एक जुनं फायब्रोचं, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्यांचं, घर उरलं होतं. मागं पत्र्याच्या लांबलचक शेड. तिथं तिचं आणि तिच्या नवऱ्याचं कोंबड्यांचं फार्म होतं. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, कोंबड्या जाऊन पंधरा. आता जमीन विकली गेली होती. अॅडलेडला असलेल्या मुलीनं तिच्यासाठी तिथं वृद्धांची एक जागा पाहून ठेवली होती, खालच्या मजल्यावरची खोली, बाथरूमला धरायच्या दांड्या. तो आणि पुढचा, एवढे दोनच शनिवार उरले होते, मग मुलगी गाडी घेऊन येणार होती.

हे तिनं मला चौथ्या किलोमीटरला सांगितलं. आणि आणखी एक सांगितलं.

"गेले नऊ आठवडे माझे पाच पूर्ण झालेले नाहीत. साडेतीन, चार, एकदा चार पूर्णांक दोन. मग खुबा लॉक होतो. तिथं जायच्या आधी मला एकदा पाच हवेत."

"होतील की," मी म्हटलं. आपण म्हणतोच असं.

"तुला कसं माहीत?" ती म्हणाली.

त्या शनिवारी ती चार पूर्णांक दोनच्या पुढं गेली. साडेचार. पावणेपाच. शेवटचा फलक दिसायला लागला. सगळे धावून, घामाघूम होऊन, कॉफीचे कप हातात घेऊन उभे होते, कारण आम्हाला सव्वा तासाच्या वर झाला होता. टोपीवाला टाळ्या वाजवायला लागला, मग बाकीचेही. पन्नासएक पावलं राहिली असतील. सिमेंटच्या दोन लाद्यांच्या मध्ये तिचा बूट अडकला आणि ती पुढं झुकली.

मी तिचा कोपर धरला.

विचार करून धरला नाही. आपल्याकडे वयस्क बाई पायरीवर अडखळली की सून, शेजारीण, रिक्षावाला, जो असेल तो आधी कोपर धरतो, मग विचारतो लागलं का. सोळाव्या वर्षापासून आधी आईचा, आत्याबाईंचा, मग सासूबाईंचा कोपर धरत आलेला माझा हात आहे. तो माझ्या आधी निघतो.

ती थांबली. आधी कोपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात काढला. ती पन्नास पावलं पुढं गेली नाही. वाट सोडून गवतातून, सरळ टेबलापाशी गेली आणि नोंद करणाऱ्या मुलीला म्हणाली, "मी पूर्ण केलेली नाही. लिहू नकोस."

टोपीवाला म्हणाला, "अरे, कुणाला काही वाटत नाही त्याचं. नो वरीज."

"मला वाटतं," ती म्हणाली, आणि लंगडत गाडीकडे गेली.

सगळे माझ्याकडे सहानुभूतीनं पाहत होते. बिचारी इंडियन आजी, म्हातारीला सांभाळायला गेली आणि काय मिळालं. एकीनं मला कॉफी आणून दिली. मी ती घेतली. खरं सांगायचं तर मला थोडंसं बरं वाटत होतं. डबा मिळाल्यावर वाटलं होतं तसं.

सोमवारी मी थालीपीठं करून तिच्याकडे गेले. माफी मागायला म्हणून, पण खरी माफी तिनं मागावी अशा तयारीत. घरात खोकी भरलेली होती. तिनं थालीपीठ हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं, तुकडा खाल्ला, म्हणाली, "मीठ बरोबर आहे." मग खुर्चीवरचं खोकं खाली ठेवून मला बसायला जागा केली आणि स्वतः उभी राहिली, कारण बसलं की उठायला त्रास होतो.

तिथं उभ्याउभ्या तिनं मला तिचं पळणं सांगितलं. सलग असं तिला बोलताना मी तेवढंच ऐकलं.

गाव छोटं, नदीकाठचं. बाप विटांच्या भट्टीवर. सोळाव्या वर्षी ती सुताच्या गिरणीत लागली आणि शिफ्टच्या आधी जंगलातून पळायला लागली, कारण गिरणीत दिवसभर उभं राहून पाय सुजायचे आणि पळालं की उतरायचे. त्या काळी बायकांना लांबच्या शर्यतीत घेत नसत. डॉक्टर सांगायचे, गर्भाशय खाली येईल. गावचा पोस्टमन पळायचा. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं लढाईत थंडीनं गेलेली होती, म्हणून तो हात कायम कोटाच्या खिशात. तो तिला शिकवायला लागला. शिकवायचा म्हणजे सायकलवर बाजूनं यायचा आणि फार काही बोलायचा नाही. पुरुषांच्या शर्यतीत तिचं नाव तो फक्त पहिल्या अक्षरानं घालायचा. बाई आहे हे सुरुवातीच्या रेषेवर कळायचं, मग वाद, मग एखाद्या ठिकाणी तिला पन्नास मीटर मागून सोडायचे. पुढं बायकांच्याही शर्यती सुरू झाल्या. ती देशाच्या संघात पाच-सहा वर्षं होती.

"जिंकलीस?" मी विचारलं.

"नाही. एकदा चौथी आले."

मग तिनं दुसरीच एक शर्यत सांगितली. दक्षिणेकडचा कुठला तरी देश, ऊन, मॅरेथॉन. स्टेडियम तीनशे मीटरवर असताना ती पडली. उठता येईना. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली. पोस्टमन त्यांच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिला. कुणी हात लावला की शर्यत संपते, नाव जातं. तो म्हणाला, तिला हवं असेल तेव्हा ती सांगेल. लोक त्याला शिव्या घालत होते. एका बाईनं त्याच्यावर पिशवी भिरकावली. तो दोन्ही हात खिशात घालून उभा.

"चांगला हातसुद्धा?" मी विचारलं. कसला प्रश्न. पण विचारला.

"दोन्ही. मी खाली होते ना, मला त्याचे खिसेच दिसत होते. खिशात मुठी होत्या. मग मी उठले. तेवीस जणींत एकोणिसावी." तिनं थालीपीठाचा आणखी एक तुकडा मोडला. "माझ्याशी इतकं चांगलं कुणी वागलेलं नाही. नवरासुद्धा नाही, आणि तो चांगला माणूस होता."

नवरा इथलाच. ती एका शर्यतीसाठी सिडनीला आली आणि कोंबडीवाल्याशी लग्न करून राहिली. इथं मातीच्या रस्त्यांवर पळायला लागली तर प्रत्येक ट्रकवाला थांबून विचारायचा, लिफ्ट हवी का. "दोन वर्षं," ती म्हणाली. "मग त्यांना कळलं की ही कुठंही जात नाहीये."

ती हसली असावी. मला वाटलं आता माझी पाळी. मी डब्याची गोष्ट सांगितली. चड्डी, ऊस, पडलेली मुलगी, खांद्याखालचा हात, प्राचार्य. इंग्रजीतही ती मला पाठ आहे, नातवासाठी करून ठेवली होती.

तिनं ऐकली आणि विचारलं, "तिनं तुला बोलावलं होतं?"

बस, एवढंच. मी काही तरी बोलले, आता आठवत नाही काय. घरी आले आणि लॉन्ड्रीत स्टूलवर बसले. मशीन बंद होतं. बंद काचेत माझं तोंड दिसत होतं.

डब्याच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मी कधी कुणाला सांगितलेला नाही. इथं लिहिते. ती मुलगी तिसरी होती. मी तिच्या बरीच मागं होते, सातवी की आठवी. 'माझ्या पुढची' हे खरं, पण मध्ये आणखी तीन-चारजणी होत्या, त्या बाजूनं निघून गेल्या. पहिल्या तिघी विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या. ती पडली आणि लगेच हातांवर जोर देऊन उठायला लागली होती. मी पोचले तेव्हा ती एका गुडघ्यावर होती. मी तिला उचललं. ती म्हणाली, "सोड." मी म्हटलं, "अगं, घाबरू नकोस." आणि धरूनच आणलं. शेवटी उभ्या असलेल्या सरांनी शिट्टी वाजवून दोघींनाही बाद केलं. ती माझ्याशी त्यानंतर कधी बोलली नाही. कॉलेजच्या पोर्चमध्ये माझ्या हातात डबा होता आणि ती सायकलचं कुलूप उघडत होती, एवढं मला दिसतं.

आणि खरं म्हणजे, त्या मळ्याजवळ मला दम लागला होता. पोटात कळ येत होती. थांबायला सबब हवी होती. देवानं समोर एक मुलगी पाडली. त्या चड्डीवाल्या पोरीला मी आज भेटले तर डबा काढून घेईन, तिन्ही पुडांसकट. काय थाटात धरलं होतं तिनं त्या मुलीला. चेहऱ्यावर दया, कंबर लचकत.

मग मला ह्यांचा चमचा आठवला. आठवायचा नव्हता. शेवटच्या पाच महिन्यांत ह्यांचा उजवा हात गेला होता, डावा चांगला होता. ताटापाशी डावा हात पुढं करायचे. मी म्हणायची, "सांडाल." भरवायची. वरणभात कालवून, छोटे घास. सांडले असते चार घास, काय झालं असतं. सांडलेलं पुसणारी मीच होते. ते हात पुढं करायचे आणि मी चमचा मागं घ्यायची, रोज दोनदा. मग त्यांनी हात पुढं करणं सोडलं. डॉक्टरांना मी म्हणाले, "आता हाताची हालचाल कमी झाली आहे." तसं फाईलमध्ये लिहिलं गेलं.

हे आठवून मला रडू आलं असं लिहायला बरं दिसेल. आलं नाही. मी उठून कपड्यांच्या घड्या केल्या. नातवाचे सगळे मोजे जोडीनं लागले.

गुरुवारपासून पाऊस. दोन दिवसांत ओढा वाटेवर आला, शनिवारची धाव रद्द झाल्याचा मेसेज आला. रविवारी तिची मुलगी येणार. शनिवारी सकाळी मी छत्री घेऊन तिच्याकडे गेले. ती बूट घालून दारातच बसली होती. खुर्चीवर बसली होती, म्हणजे बसायची जोखीम घेऊन.

"रद्द झाली," मी म्हटलं.

"त्यांची," ती म्हणाली.

आमच्या वसाहतीत मधोमध पाण्याचं तळं केलेलं आहे, पावसाचं पाणी साठवायला. त्याच्याभोवती वाट आहे, ती उंचावर असते, बुडत नाही. मुलानं फोनवर मोजून दिलं, एक फेरी एक किलोमीटर. पाच फेऱ्या. अकराला पाऊस थांबला आणि आम्ही सुरू केलं. मी नारिंगी जाकीट घातलं नव्हतं, ते त्यांचं असतं, त्यांच्या पेटीत राहतं. फोनमधलं घड्याळ सुरू केलं आणि ओढणी कमरेला बांधली.

"मागे राहायचं," ती म्हणाली. "मी पडले तरी."

"डोकं फुटलं तर?"

"तर माझ्या मुलीला फोन कर."

"तिचा नंबर?"

"फ्रिजवर आहे."

तीन फेऱ्या तिनं मागच्या वेळेपेक्षा बऱ्या केल्या. चौथीत पाय ओढायला लागली. तळ्यातली बदकं वाटेवर आली होती, हलायला तयार नव्हती, बाई त्यांच्यामधूनच गेली. पाचव्या फेरीत, जिथं वाट मुलांच्या घसरगुंडीकडे वळते, तिथं ओल्या वाटेवर तिचा चांगला पाय घसरला आणि ती एका बाजूवर पडली.

माझा हात निघाला. मी तो दुसऱ्या हातानं पकडला आणि दोन्ही पाठीमागं नेले. शाळेत बाई शिक्षा म्हणून उभं करायच्या तशी उभी राहिले.

ती पालथी झाली. मग थांबली. गाल गवतावर. मी तिच्या बुटांकडे पाहत होते. ती हातांवर उठली, खुबा आला नाही, परत खाली. गुडघ्यातून रक्त येत होतं, फार नाही. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा थांबली. मी विचारलं नाही. विचारणं म्हणजेही हात लावणंच झालं असतं.

तेवढ्यात ढकलगाडी घेऊन एक तरुण आला. आपल्यातलाच, हिंदी बोलणारा, कानात इअरफोन. त्यानं ते काढले.

"आंटी, क्या हुआ? उठाओ ना उनको."

"नहीं," मी म्हटलं. "हाथ मत लगाना."

"पर वो गिरी हुई हैं."

"हाँ, पता है."

तो पुढं व्हायला लागला. मी मध्ये उभी राहिले. माझी उंची पाच फूट, त्याची सहा. त्यानं माझ्या मागं बांधलेल्या हातांकडे पाहिलं. त्याला काय वाटलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. इथल्या अँब्युलन्सचा नंबर लावायला फोन काढून तो म्हणाला, "आंटी, आप पागल हैं क्या? मैं ट्रिपल झीरो लगाता हूँ."

खालून आवाज आला, इंग्रजीत. "तरुण माणसा, मी कामात आहे."

तो थांबला. ढकलगाडीतलं बाळ वाकून खाली बघायला लागलं. आम्ही तिघं जण तिच्याभोवती उभे, आणि ती वाटेच्या कडेच्या गवतात बोटं रोवून एक गुडघा पोटाखाली घेत होती. घेतला. मग दुसरा यायला फार वेळ लागला. मध्ये एकदा ती काहीतरी जर्मनमध्ये पुटपुटली, शिवी असावी. माझ्या हातांना रग लागली. मी ते इतके आवळून धरले होते की नंतर घरी बांगडीचा वळ दिसला. मला आत काय होत होतं ते सांगता येणार नाही. काही तरी होत होतं, सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा, पण ते दुःख नव्हतं. भीती होती बहुतेक. साधी भीती, ही मरेल आणि मी उभी असेन.

फोनच्या घड्याळाप्रमाणं अकरा मिनिटं. ती उभी राहिली. कपडे झटकले नाहीत. समोर बघून निघाली, तसंच एका बाजूला जात, परत येत. तरुण माणूस थोडा वेळ आमच्या मागून आला, मग वळून गेला.

जिथून सुरू केलं होतं तिथं कचऱ्याचा डबा होता. ती त्याच्या पुढं एक पाऊल गेली आणि थांबली. मी मागून आले.

"किती?" तिनं विचारलं.

"एक तास, एकतीस मिनिटं."

"वाईट वेळ," ती म्हणाली. "पाच."

"पाच," मी म्हटलं.

घरापर्यंत ती एकटी चालत गेली. मी मागं.

रविवारी सकाळी मी निरोप द्यायला गेले तेव्हा मुलगी खोकी गाडीत भरत होती. पन्नाशीची, कामाची बाई, कालपासून गाडी चालवून थकलेली. आईचा पाय तिनं पाहिला होता. गुडघ्याला पट्टी, हनुवटीपाशी निळं झालेलं. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "काल तुम्ही हिच्याबरोबर होतात?"

"हो."

"आणि ही पडली तेव्हा?"

"तिथंच होते."

"तुम्ही हिला उचललं नाहीत?"

जर्मन बाई गाडीच्या पुढच्या सीटवर बसली होती, काच खाली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती समोरच्या फाटकाकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मला गोष्टी सांगता येतात. पोस्टमन, स्टेडियम, खिसे, सगळं नीट लावून सांगितलं असतं तर त्या मुलीचे डोळे भरून आले असते आणि तिनं माझे हात हातात घेतले असते.

"नाही," मी म्हटलं. "नाही उचललं."

तिनं मान हलवली, जशी आपण दुकानात वाईट माल परत करताना हलवतो. गाडीत बसली, आईच्या अंगावरून पट्टा ओढायला लागली. आईनं तिच्या हातातून पट्टा घेतला. खाचेत घालायला तिला तीन प्रयत्न लागले. मुलगी स्टिअरिंगवर बोटं वाजवत थांबली. मग गाडी निघाली.